कानामारु-झा : जपून ठेवलेलं थिएटर परत चालतं कसं झालं

१९८४ सालची परिस्थिती आधी सांगतो, कारण प्रकरण खरं तिथून सुरू होतं. जपानच्या शिकोकू बेटावर कागावा प्रांतात कोतोहिरा नावाचं छोटं गाव आहे. तिथे टेकडीच्या उतारावर कानामारु-झा नावाचं एक लाकडी थिएटर उभं होतं, १८३५ मध्ये बांधलेलं, काबुकीचं, म्हणजे जपानच्या जुन्या पारंपरिक संगीत-नृत्य-नाटकाचं, शिल्लक राहिलेलं सगळ्यात जुनं थिएटर. आठच वर्षांपूर्वी खांब न् खांब नीट बसवून दुरुस्त केलेलं, सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा म्हणून नोंदवलेलं, सगळं व्यवस्थित, आणि काबुकीचा खेळ मात्र नाही. लोक यायचे, चपला बाहेर काढून आत फिरायचे, रंगमंच बघायचे, खाली तळघरात डोकावायचे आणि जायचे. म्हणजे वास्तू वाचली होती पण थिएटर बंदच होतं.

मी हौशी नाटकांना बॅकस्टेज करतो, राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना सेट लावलेत, विंगेत उभं राहून अंधारात क्यू दिलेत, त्यामुळे या थिएटरबद्दल वाचायला लागल्यावर मला पहिल्यापासून एकच गोष्ट खटकत होती की रंगमंचाची यंत्रणा नुसती बघायला ठेवली तर ती दुरुस्त झाली असं म्हणायचं का? या प्रकरणात त्याचं उत्तर मिळतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

थोडं मागचं सांगायला लागेल. कोतोहिरा हे देवस्थानाचं गाव, देव कोम्पिरा, खलाशांचा आणि दर्यावर्दी लोकांचा रक्षणकर्ता. आणि हा शब्द ऐकून आपण दचकायला हवं, कारण कोम्पिरा म्हणजे आपला संस्कृतमधला कुंभीर, म्हणजे मगर, गंगेतली मगर. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तो शब्द तिकडे गेला आणि तिथे देव होऊन बसला. देवळाच्या मुख्य गाभाऱ्यापर्यंत ७८५ पायऱ्या, अगदी वरच्या देवळापर्यंत १३६८. एदो काळात (साधारण १६०० ते १८६८, एदो म्हणजे जुनं टोकियो) सामान्य माणसाला मनाला येईल तसा प्रवास करायची मुभा नव्हती, पण यात्रेला जातो म्हटलं की परवानगी मिळायची, त्यामुळे कोम्पिराची यात्रा तुफान चालायची. ज्यांना स्वतःला जमायचं नाही ते कुत्र्याच्या गळ्यात पिशवी बांधून त्याला पाठवायचे आणि वाटेतले यात्रेकरू त्याला खाऊपिऊ घालत देवापर्यंत पोचवायचे, हे मला फार आवडलेलं आहे.

आता यात्रा आली की तमाशा आला, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्याकडे जत्रेत कनाती लावून फड उभा राहतो तसंच तिथे व्हायचं. वर्षातून ३ मोठे उत्सव, प्रत्येक उत्सवाला तात्पुरती नाटकशाळा उभारायची, उत्सव संपला की मोडायची. अशी बरीच वर्षं गेल्यावर गावाने ठरवलं की आता कायमचं बांधू, आणि १८३५ मध्ये ओसाकाच्या त्या काळच्या एका मोठ्या थिएटरचा नमुना समोर ठेवून हे उभं राहिलं. नाटकाशिवाय तिथे लॉटरीची सोडतही व्हायची. ओसाकाहून, एदोहून नावाजलेले नट यायचे. १९०० च्या सुमारास त्याला कानामारु-झा हे नाव पडलं, झा म्हणजे थिएटर.

पुढची गोष्ट सगळीकडची तीच आहे. सिनेमा आला, नाटकशाळेचं सिनेमा थिएटर झालं, मग तेही चालेना, मग बंद, मग पडझड. १९७० मध्ये सरकारने वारसा म्हणून नोंद केली, १९७२ ला काम सुरू झालं आणि १९७६ ला संपलं. पण गावातल्या मूळ जागेवरून सगळी इमारत सुटी करून टेकडीवर नव्या जागी नेऊन परत उभी केली. जपानी लाकूडकामात सांधे असे असतात की ते सुटे करून परत बसवता येतात, त्यामुळे हे शक्य झालं. तरी मला विचाराल तर यात काहीतरी गेलं. नाटकशाळा गावातून बाहेर काढली की तिच्या आजूबाजूची चहाची दुकानं, खानावळी, तिकिटासाठीची गर्दी, ते सगळं तुटतं. आणि १८३५ च्या रूपात परत न्यायचं ठरल्यावर मधल्या काळाच्या खुणा पुसल्या जाणार हे ओघाने आलंच. सिनेमाची वर्षं पण त्या इमारतीचीच होती, पण वारसा म्हटला की जुनं तेच खरं असं धरतात, आणि मला ते पूर्ण पटत नाही.

असो, तर १९८४. एका टीव्ही कार्यक्रमाच्या निमित्ताने ३ काबुकी नट तिथे आले. दुसरा नाकामुरा किचिएमोन, सावामुरा तोजुरो आणि नाकामुरा कांकुरो, जो पुढे अठरावा कांझाबुरो म्हणून जगभर गाजला. काबुकीत नाव हे वारशाने येतं, नट बदलतो आणि नाव पुढे चालतं, म्हणून दुसरा, अठरावा असं म्हणतात. हे तिघं टोकियोच्या मोठ्या थिएटरांत वाढलेले. टोकियोच्या काबुकी-झामध्ये १८०० च्या वर प्रेक्षक बसतात, सगळं विजेवर, लिफ्ट मोटरवर, दिवे कन्सोलवर. आणि इथे समोर एक थिएटर ज्यात जेमतेम ७४० माणसं बसतील, जमिनीवर, लाकडी पट्ट्यांनी पाडलेल्या चौकोनी खणांमध्ये, मांडीला मांडी लावून, आणि नट चालत येणार तो त्यांच्या खांद्याला लागून. त्यांच्या कलेच्या सगळ्या सवयी ज्या खोलीत तयार झाल्या ती खोली त्यांना पहिल्यांदा मिळाली होती. इथे खेळ करायचाच हे त्यांनी मनावर घेतलं.

अडचण सरळ होती. नोंदणी झालेल्या वारसा वास्तूला हात लावायचा तर १९५० च्या जपानी वारसा कायद्याप्रमाणे सरकारची परवानगी लागते. लाकडी इमारत, त्यात शेकडो माणसं, त्यात सेट, दिवे, आगीची भीती. एदोची थिएटरं तर कितीदा जळाली याला गणती नाही. दुसरीकडून बघितलं तर इथे कोणी नवीन काही करायला मागत नव्हतं, जी वस्तू ज्या कामासाठी बनवली त्या कामाला ती वापरायची एवढीच मागणी. गाव मागे लागलं, नट मागे लागले, आणि १९८५ च्या जूनमध्ये ३ दिवस खेळ झाले. किचिएमोनने त्यासाठी एक जुनं नाटक नव्याने बांधून उभं केलं, कारण टोकियोचा प्रयोग उचलून इथे आणला असता तर तो मावलाच नसता.

आता मला ज्यासाठी लिहायचं होतं त्या भागाकडे येतो, म्हणजे रंगमंचाच्या पोटात.

रंगमंचाखालच्या तळघराला जपानीत नाराकु म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला नरक, तोच, जसाच्या तसा, परत बौद्ध धर्माबरोबर गेलेला. अंधारी, दमट, खाली दगड-माती, वर लाकडाचं जंगल, तिथे काम करणाऱ्यांनी त्याला नरक म्हटलं यात नवल नाही. तर या नाराकुमध्ये उभं राहिलात की डोक्यावर फिरता रंगमंच. व्यास ७.३ मीटर, जपानी मापात ४ केन. मधे जाड लाकडी आस, त्याला आडवे दांडे, आणि त्या दांड्यांना माणसांनी खांदा लावून गोल ढकलायचं. आपल्याकडच्या तेलाच्या घाण्याचा बैल डोळ्यासमोर आणा, फक्त बैलाच्या जागी माणसं. खालच्या जमिनीत दगड बसवलेत, त्यांना ताकदीचे दगड म्हणतात, त्यांच्यावर पाय रोवायचा आणि जोर लावायचा, कारण वर पूर्ण घराचा सेट, ५-६ नट, आणि ते सगळं एका झटक्यात न हलता, न थरथरता फिरलं पाहिजे. सुरुवातीचा धक्का जड असतो, मग ते गरगरायला लागतं, आणि मग खरं कौशल्य म्हणजे थांबवणं. ज्याने कधी ट्रॉलीवरचा सेट खुणेवर आणून थांबवलाय त्याला हे लगेच कळेल.

फिरत्या रंगमंचाचा शोध पण जपानचाच धरतात, ओसाकाच्या थिएटरमध्ये १७५८ साली नामिकी शोझो नावाच्या नाटककाराने तो वापरात आणला. युरोपात म्युनिकला तो आला १८९६ मध्ये, म्हणजे १३८ वर्षांनी. आपल्या मराठी प्रेक्षकाला फिरता रंगमंच म्हटलं की 'तो मी नव्हेच' आठवतं, तिथे पण तेच तत्त्व, एक जागा प्रेक्षकासमोर चालू असताना मागे दुसरी तयार. नाटककाराने स्वतः यंत्र शोधलं ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणजे आधी प्रसंग सुचला आणि तो करायला मग लाकूड तासलं.

त्याच नाराकुमधून दोन-तीन ठिकाणांहून माणूस वर काढता येतो. रंगमंचाच्या मधली उचलपाट, तिला सेरी म्हणतात, ती मोठी, सेटचा भागही वर येतो. आणि एक छोटी, प्रेक्षकांमधून जाणाऱ्या वाटेवर. ही वाट म्हणजे हानामिची, शब्दशः फुलांची वाट, थिएटरच्या मागच्या टोकापासून रंगमंचापर्यंत प्रेक्षकांच्या मधून येणारा लांब लाकडी मार्ग. मागच्या टोकाला पडदा, त्याच्या कड्या चर्रर्र वाजल्या की सगळ्यांच्या माना वळतात. या वाटेवर ७ भाग मागे आणि ३ भाग पुढे राहतील अशा जागेला शिचि-सान म्हणजे ७-३ असंच म्हणतात, नट तिथे थांबून पोझ घेतो. आणि नेमक्या तिथेच ती छोटी उचलपाट, नाव सुप्पोन, म्हणजे कासव, कारण नटाचं डोकं आधी वर येतं कवचातून निघाल्यासारखं. प्रथा अशी की सुप्पोनमधून सरळ साधा माणूस येत नाही. भूत, मांत्रिक, माणसाचं रूप घेतलेला कोल्हा, असलं कोणी येतं. म्हणजे नट तोंड उघडायच्या आधीच प्रेक्षकाला कळलेलं असतं की हा माणूस नाही. संवादाचं अर्धं पान वाचतं! याशिवाय वाट रंगमंचाला मिळते तिथे कोरडी विहीर आहे, कारा-इदो, गडप व्हायला.

आता हे सगळं हाताने चालतं याचा अर्थ काय ते बघा. मोटरची लिफ्ट एकाच वेगाने वर येते, रोज सारखी. खाली माणसं असली तर ती वरचं ऐकतात. शामिसेन या तीन तारांच्या वाद्याची लय, लाकडी ठोकळ्यांचा कड्कड् आवाज, प्रेक्षकांतून कोणी नटाचं घराण्याचं नाव ओरडलं तर त्याला द्यायची जागा, हे सगळं ऐकून भूत अर्धा क्षण उशिरा वर काढता येतं. तो अर्धा क्षण म्हणजेच नाटक असं माझं ठाम मत आहे.

उजेडाचं तर त्याहून भारी. थिएटरच्या दोन्ही बाजूंना वर ओळीने खिडक्या, आकारी-मादो म्हणजे उजेडाच्या खिडक्या, त्यांना लाकडी झडपा. दिवसा खेळ, सूर्य हाच मुख्य लाइट. रात्रीचा प्रसंग आला की माणसांनी वरच्या अरुंद मार्गिकेवरून धावत जाऊन भराभर झडपा लावायच्या, उजेड ओसरत जातो, आणि पहाट झाली की परत उघडायच्या. हा उजेड बाजूने आणि वरून येतो, कागदातून गाळलेला, मऊ. काबुकीतला पांढरा रंग लावलेला चेहरा आणि सोनेरी जरीचा पोशाख या उजेडासाठी तयार झालाय. विजेच्या झगमगाटात जो चेहरा भडक आणि सपाट वाटतो तोच त्या मंद उजेडात उठून दिसतो, डोळ्यांच्या कडेची लाल रेघ नेमकी का आहे ते समजतं. मेकअप हा उजेडाच्या हिशोबाने करतात हे आमच्याकडचे जुने रंगभूषाकार पण सांगायचे, पण इथे त्याचा पुरावाच उभा आहे.

बसायच्या जागेबद्दल आणि दाराबद्दल थोडक्यात. दारं तीन, मानकऱ्यांचं वेगळं, मोठं दार वेगळं, आणि सामान्य प्रेक्षकाचं दार इतकं बुटकं की वाकूनच आत शिरायला लागतं, नाव नेझुमी-किदो, उंदराचं दार. वाकून एकेक जण आत आला की फुकट घुसता येत नाही हे उघड कारण. पण वाकून आत येऊन मान वर केली की समोर एकदम उंच, मोठी जागा उघडते, कंदील लटकलेले, आणि मला वाटतं बांधणाऱ्याला हे पण माहीत होतं.

१९८५ चे ३ दिवस चालले आणि मग हे दरवर्षीचं झालं, पुढे एप्रिल महिना ठरला, साकुराच्या म्हणजे चेरीच्या बहराच्या दिवसांत, दोनेक आठवडे. आणि इथे प्रकरणाचा दुसरा भाग येतो. २००३ मध्ये मोठी दुरुस्ती काढली, भूकंपासाठी मजबुती द्यायला म्हणून. काम करताना जुन्या लाकडावरच्या खुणा वाचल्या गेल्या आणि दोन गोष्टी परत जागेवर आल्या ज्या १९७६ च्या दुरुस्तीत नव्हत्या. एक बुदो-दाना, म्हणजे द्राक्षांचा मांडव. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या माणसाला हे नाव समजावून सांगायची गरजच नाही. प्रेक्षकांच्या डोक्यावर पूर्ण छतभर बांबूची जाळी, दोरखंडाने बांधलेली, त्यावर माणसं चालतात आणि वरून कागदाच्या पाकळ्या, कागदाचा बर्फ सोडतात. फक्त रंगमंचावर नाही, प्रेक्षकांवर पण! दुसरी काके-सुजी, हानामिचीच्या वरून जाणारा लाकडी मार्ग, त्यावरून नटाला टांगून प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडवत न्यायचं, ओढणारी माणसंच.

विचार करा, १९७६ ला अभ्यासूंनी चार वर्षं खपून इमारत उभी केली, त्यांच्या कामात खोट नव्हती, तरी छत आणि उडण्याची वाट राहिली होती. मधे १८ वर्षं खेळ होत राहिले, नट वर बघत राहिले, आणि मग दुरुस्तीला हात घातला तेव्हा त्या खुणांना अर्थ लागला. मी याचा संबंध असा लावतो की नुसतं जपायला घेतलेल्या इमारतीत माणूस भिंत, खांब, कौल बघतो. वापरात असलेल्या थिएटरमध्ये खाच दिसली की पहिला प्रश्न पडतो, इथून काय टांगत होते? हा माझा अंदाज आहे, पण बॅकस्टेजला काम केलेल्या कोणालाही तो पटेल.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत हे प्रकरण मला जास्त जवळचं वाटायला लागलं त्याचं कारण कोल्हापूर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं, आणि ते पण केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. फोटो बघून त्या रात्री झोप लागली नाही. ते परत उभारायचं म्हटल्यावर दगड कुठला, लाकूड कुठलं, कमानी कशा याची चर्चा व्हायलाच हवी, पण कोतोहिराचं बघून मला वाटतं त्याच टेबलावर पहिल्या दिवसापासून रंगमंच कामगार, प्रकाशयोजनाकार, पडदा ओढणारा माणूस बसला पाहिजे. १९७६ आणि १९८५ मध्ये जे अंतर पडलं ते तिथे पडायला नको.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, हात कोणाचे? कानामारु-झामध्ये खेळाच्या वेळी खाली नाराकुमध्ये खांदा लावणारी, वर झडपा लावत धावणारी मुलं ही गावचीच. स्थानिक व्यापारी संघटनेच्या तरुण शाखेची, दुकानदार, नोकरदार, त्या दिवसांत आपलं काम बाजूला ठेवून येणारी. प्रेक्षकांना हात धरून अरुंद पट्ट्यांवरून जागेवर नेऊन बसवणाऱ्या किमोनोतल्या बायका, ओचाको म्हणतात त्यांना, त्या पण स्वयंसेवक. मोठमोठे नट टोकियोहून येतात आणि त्यांना वर उचलणारे हात गावचे, त्यामुळे त्या दोघांमध्ये जे नातं तयार होतं ते मोटर लावून होणार नाही. पण कोतोहिराची वस्ती ८ हजारांच्या आसपास, शिकोकूमधल्या बऱ्याच गावांसारखी कमी होत चाललेली, तरुण शहरात जाणारे. आपल्या कोकणातल्या दशावताराच्या, नमनाच्या मंडळींना हा प्रश्न सांगायला नको, गणपतीला चाकरमानी आला तर खेळ उभा राहतो. लाकडाला वाळवी लागली तर बदलता येतं. फिरता रंगमंच खुणेवर कसा थांबवायचा हे मात्र एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडेच जातं, लिहून ठेवून जमत नाही.

२०२० मध्ये कोविडमुळे खेळ रद्द झाला. त्यात पुढे भूकंप-मजबुतीचं काम आलं, आणि एकूण ५ वर्षं काबुकीचा पडदा उघडला नाही. या काळात सुरुवातीच्या तिघांतला किचिएमोन २०२१ मध्ये गेला, कांझाबुरो तर २०१२ मध्येच गेला होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये खेळ परत सुरू झाले, सदतिसावी खेप म्हणून. २०१९ ला जो पोरगा २० वर्षांचा असताना खाली दांड्याला लागला असेल तो २०२४ ला २५ चा, कदाचित गावाबाहेर, आणि त्याच्या शेजारी दगडावर पाय रोवून कोणीतरी नवीन उभा, वरच्या ठोकळ्यांचा आवाज ऐकत, कधी ढकलायचं ते जुन्याच्या खांद्यावरून शिकत.